सरावात हातचं राखणं: जाणते कोच आणि खेळाडू नेमकं काय शिकवतात

मध्यम_पल्ला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं ८०० ते ५००० मीटरच्या मुलामुलींना सराव देतोय, त्याआधी स्वतः पळत होतो. या फोरमवर दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतं की टायमिंग अडकलंय, अजून काय करू, आणि खाली लगेच सल्ले येतात की एक इंटरव्हल (जोरात पळणं, थोडी विश्रांती, परत जोरात) वाढवा, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पळा, जिमचा एक दिवस वाढवा. मला मैदानावर बरोबर उलटं दिसत आलंय. टायमिंग अडकलेली बहुतेक पोरं कमी करत नसतात, ती सगळंच मध्यम जोरात करत असतात, म्हणजे सोपा दिवस पुरेसा सोपा नाही आणि म्हणून कठीण दिवशी पायात काही उरलेलं नाही. माझं मत आता पक्कं झालंय की चांगला कोच ओळखायचा तो खेळाडूला कधी थांबवतो त्यावरून. मेहनत करून घेणं त्या मानाने सोपं आहे हो, शिट्टी आणि स्टॉपवॉच असलं की ती होते. पण जो पोरगा अजून दोन रिपीट (जोरातले फेरे) मारायला तयार आहे त्याला "आज एवढंच, चल घरी" म्हणायला धीर लागतो.

जुन्या लोकांची उदाहरणं देतो. न्यूझीलंडचे आर्थर लिडियर्ड. बुटांच्या कारखान्यात काम करणारा माणूस, सगळे प्रयोग आधी स्वतःवर केले, अंतर वाढवून बघितलं, कमी करून बघितलं, आणि त्यातून आठवड्याला साधारण १६० किलोमीटरचा पाया ठरवला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या पीटर स्नेलनं ८०० मीटरचं आणि मरे हालबर्गनं ५००० मीटरचं सुवर्ण एकाच दिवशी घेतलं, बॅरी मॅगीला मॅरेथॉनमध्ये कांस्य मिळालं. दोन लॅप पळणारा आणि मॅरेथॉन पळणारा पायाभरणीच्या महिन्यांत जवळजवळ एकच सराव करत होते! लोक यातला १६० चा आकडा उचलतात आणि बाकीचं सोडून देतात. बाकीचं म्हणजे क्रम. आधी पाया, मग चढावरचं काम, मग ट्रॅकवरचे जोरकस रिपीट आणि शेवटी धार लावून आराम. दम काढणारे रिपीट त्यांनी मोसमाच्या आधीच्या थोड्याच आठवड्यांपुरते ठेवले होते, कारण ते फार दिवस केले की खेळाडू शर्यतीआधीच संपतो हे त्यांनी बघितलं होतं. बाराही महिने ट्रॅकवर उलटी येईपर्यंत पळवणाऱ्यांनी हा भाग परत वाचावा असं मला फार वाटतं.

दुसरे ओरेगॉनचे बिल बॉवरमन. कठीण दिवसानंतर सोपा दिवस, हा नियम त्यांनी अमेरिकेत रुजवला, आणि त्यातही गंमत अशी की सगळ्यांना एकच गणित लावलं नाही, कुणाला एक सोपा दिवस पुरायचा, कुणाला दोन, कुणाला तीन. केनी मूर नावाचा त्यांचा पोरगा ऐकायचाच नाही, सोप्या दिवशीही ताणायचा, तर बॉवरमननी त्याला काही आठवडे जवळपास जबरदस्तीनं थोडंसंच हलकं पळायला लावलं आणि तो एकदम सुधारला. तोच मूर पुढे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये चौथा आला.

आणि रॉजर बॅनिस्टर, मैल चार मिनिटांच्या आत पळणारा पहिला माणूस. १९५४ च्या वसंतात १० वेळा ४४० यार्ड, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, असा सराव चालला होता. प्रत्येक लॅप ६० सेकंदांत हवी होती आणि ती ६१ वर अडकली होती. मग बॅनिस्टर आणि त्याचा सरावातला सोबती ख्रिस ब्रॅशर पळणं सोडून काही दिवस स्कॉटलंडला कडे चढायला गेले, परत येऊन थोडे दिवस अंग मोकळं केलं आणि तोच सराव ५९ च्या सरासरीनं झाला. ६ मे ला मैल ३:५९.४ मध्ये. फिटनेस आधीच तयार होता, तो थकव्याखाली दबला होता एवढंच.

तर तुमच्या खेळातलं, तुमच्या कोचनी शिकवलेलं सांगा. फक्त पळण्याबद्दलच असं काही नाही.

काठावरची

वाचतेय. फार दिवसांनी कामाचा धागा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

जुना_ट्रॅकवाला

सर, धागा चांगला आहे पण थोडा एकांगी वाटतोय म्हणून दुसरी बाजू मांडतो. चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकचं काय करायचं? ५ वेळा २०० मीटर, २० वेळा ४००, परत ५ वेळा २००, मध्ये फक्त २०० मीटर जॉग, हा त्याचा रोजचा सराव असायचा, आणि १९५२ ला हेलसिंकीमध्ये ५०००, १०००० आणि आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन, तिन्ही सुवर्णं ऑलिंपिक विक्रमासह. त्याला कोणी "आज एवढंच" म्हटलं नव्हतं. त्याही आधी जर्मनीत गेर्शलर आणि राइनडेल यांनी इंटरव्हलची पद्धत बसवली, त्यांच्या रुडॉल्फ हार्बिगनं १९३९ मध्ये ८०० मीटर १:४६.६ मध्ये पळून दाखवलं, तेही लिडियर्डचा पाया वगैरे काही नसताना. मला वाटतं ताण दिल्याशिवाय शरीर बदलत नाही हे विसरून चालणार नाही. आजकालची मुलं रिकव्हरी रिकव्हरी करत राहतात आणि मूळ काम करतच नाहीत असंही मी बघतो.

आणि एक दुरुस्ती, लिडियर्डच्या मुलांचं लांब पळणं रमतगमत नव्हतं. तो टेकड्यांचा साधारण ३५ किलोमीटरचा रूट चांगल्या वेगात व्हायचा.

मध्यम_पल्ला

दुरुस्ती एकदम मान्य, "हलकं" आणि "रमतगमत" यात फरक आहेच. दम कोंडू द्यायचा नाही पण पाय चालते ठेवायचे असं ते पळणं होतं.

झाटोपेकबद्दल मात्र जरा थांबा. एवढे रिपीट करायचे तर प्रत्येक ४०० शर्यतीच्या वेगात पळता येतच नाही, त्यातले बरेचसे तो बेतानं पळायचा. शिवाय हे प्रमाण त्यानं वर्षानुवर्षं चढवत नेलं होतं, ते एका मोसमात कॉपी करणारे किती टिकले हाही प्रश्न आहे. आणि गेर्शलरचं तर तुम्ही माझ्याच बाजूचं उदाहरण दिलंत :) नाडी १८० च्या आसपास न्यायची आणि मग ती दीड मिनिटात १२० ला खाली आली तरच पुढचा रिपीट. नाही आली तर तो रिपीट जास्त जोरात झाला किंवा आजचा दिवस संपला. थांबण्याचा नियम सरावाच्या आतच बसवलेला आहे! आपल्याकडे इंटरव्हल आला, हा नियम वाटेत कुठेतरी गळाला.

ताण हवाच. तो झेपेल आणि परत देता येईल एवढा हवा, मुद्दा एवढाच.

ब्लॉक_ते_साठ

मी स्प्रिंट बघतो, १०० आणि २००. आमच्याकडे तर ही गोष्ट अजून कडक आहे आणि ती न कळल्यामुळे फार पोरं वाया जातात. वेग वाढवायचा म्हणजे मज्जासंस्थेला पूर्ण ताकदीनं काम करायला लावायचं आणि ते थकलेल्या अवस्थेत होतच नाही. पूर्ण जोरातल्या प्रत्येक १० मीटरला साधारण एक मिनिट विश्रांती असा आमचा ढोबळ हिशोब, म्हणजे ६० मीटर मारलं की सहा मिनिटं थांबायचं. नवीन पालक येतात ते बघतात की मुलं नुसती बसलीयेत, फिरतायत, गप्पा मारतायत, आणि विचारतात सराव कधी सुरू होणार. तोच सराव आहे हो. मिनिटभरात परत पळवलं तर ते वेगाचं काम राहत नाही, ती सहनशक्ती झाली, आणि वर हॅमस्ट्रिंग जायची भीती.

फ्लाइंग ३० चे (आधीच वेग घेऊन मग ३० मीटर पूर्ण जोरात) रिपीट घेताना मी टायमिंग लिहीत जातो आणि दोन-तीन टक्के जरी घसरलं तरी तिथेच बंद करतो, मग ठरलेले सहा असोत का आठ. पोरं चिडतात. पण दुसऱ्या आठवड्यात त्यांचंच टायमिंग सुधारतं तेव्हा परत कुणी वाद घालत नाही.

कोच ग्लेन मिल्स आणि उसेन बोल्टचं उदाहरण मला फार शिकण्यासारखं वाटतं. २००४ च्या अथेन्सला बोल्ट २०० मीटरच्या हीटमध्येच (पहिल्या फेरीतच) बाहेर पडला होता, दुखापतींनी बेजार. त्याच्या पाठीचा कणा बाकदार आहे, स्कोलिओसिस. मिल्सनी त्याला घेतल्यावर आधी त्या पाठीवर, पोटाच्या आणि कमरेच्या स्नायूंवर काम केलं, धावण्याची ढब सुधारली, विक्रमाची घाई केली नाही. २००९ ला बर्लिनमध्ये १०० मीटर ९.५८ आणि २०० मीटर १९.१९. एवढी गुणवत्ता हातात असताना घाई न करणं ही गोष्टच मोठी.

हळूहळू_चालू

माझा एक प्राथमिक प्रश्न आहे. सोपा दिवस म्हणजे किती सोपा? माझ्या घड्याळात झोन दोन (नाडीचा हलका पट्टा) येतच नाही, जरा पळलं की झोन तीन. चालायला लागलं तर झोन दोन राहतो. मग काय चालतच राहू का?

मध्यम_पल्ला

खूप चांगला प्रश्न, आणि यावरच जास्त लोक अडकतात. आधी हे बघा की तुमचे झोन कशावरून काढलेत. २२० वजा वय हे सूत्र एका मोठ्या गटाच्या सरासरीसाठी ठीक आहे, एकेका माणसाच्या बाबतीत ते दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडेतिकडे असतं, म्हणजे तुमचे झोनच चुकीचे बसलेले असू शकतात. शिवाय मनगटावरचा सेन्सर पळताना कधी कधी पावलांची लय नाडी म्हणून मोजतो, शक्य असेल तर छातीचा पट्टा लावून एकदा ताडून बघा.

त्यापेक्षा बोलून बघा. पळता पळता पूर्ण वाक्यं बोलता आली, मध्येच श्वास तोडावा लागला नाही, तर सोपं आहे. दोन-दोन शब्दांत बोलावं लागलं तर नाही. अगदी नवीन असाल तर पळणं-चालणं आलटून पालटून करा, त्यात कमीपणा काही नाही, काही महिन्यांत त्याच नाडीवर वेग आपोआप वाढलेला दिसेल. वाढतोय का हे बघायला महिन्यातून एकदा तोच रस्ता, तीच वेळ, तीच नाडी धरून पळा आणि किती वेळ लागला ते लिहा.

संशोधक स्टीफन सायलरनी जगातले अव्वल रोअर, स्कीअर, सायकलपटू, धावपटू यांच्या सरावाच्या नोंदी तपासल्या तेव्हा साधारण ८० टक्के सेशन सोपी आणि २० टक्के कठीण अशी विभागणी वेगवेगळ्या खेळांत परत परत दिसली. आठवड्याला तीनच दिवस पळणाऱ्यानं हे टक्के शब्दशः धरू नयेत, पण मधल्या राखाडी पट्ट्यात रोज पळू नये हे त्यालाही लागू आहे.

जुना_ट्रॅकवाला

मग नॉर्वेवाल्यांचं काय? दिवसातून दोनदा थ्रेशोल्ड करतात ते, म्हणजे दम कोंडायच्या जरा आधीच्या वेगात पळणं. तो तर मधलाच पट्टा झाला.

मध्यम_पल्ला

होय, आणि म्हणूनच ते बोट टोचून रक्तातलं लॅक्टेट (जोर वाढला की रक्तात वाढणारा पदार्थ) मोजत बसतात! मारियस बाकेननी बसवलेली आणि इंगेब्रिग्टसेन भावांमुळे गाजलेली ही पद्धत. सकाळी लांब रिपीट, संध्याकाळी छोटे रिपीट, पण लॅक्टेट साधारण लिटरमागे २ ते ४ मिलिमोलच्या आत ठेवायचं, वर गेलं की वेग कमी करायचा. जोर असूनही दाबून धरलेला वेग आहे तो. त्यांच्यातल्या याकोबनं टोकियो ऑलिंपिकला १५०० चं आणि पॅरिसला ५००० चं सुवर्ण घेतलं म्हणून आपली पोरं मीटरशिवाय दोन वेळा थ्रेशोल्ड करायला जातात आणि दोन्ही वेळा शर्यत पळून येतात. मीटर नसेल तर सरळ नियम ठेवा: शेवटचा रिपीट संपल्यावर अजून दोन निघाले असते असं मनापासून वाटलं पाहिजे.

केनियाचा मॅरेथॉनवाला एलियुड किपचोगे, त्याचंही तेच. पॅट्रिक सँग हे १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकचे स्टीपलचेस रौप्यविजेते, किपचोगे पोरवयात त्यांच्याकडे प्रोग्रॅम मागायला गेला तो आजतागायत त्यांच्याच हाताखाली. २०२२ ला बर्लिनमध्ये २:०१:०९ पळणारा माणूस सरावात क्वचितच सगळी ताकद लावतो आणि सोप्या दिवशी सुरुवात इतकी सावकाश करतो की बघणाऱ्याला खरं वाटत नाही. प्रत्येक दिवसाचा सराव स्वतःच्या हातानं वहीत लिहितो हे मला त्याचं सगळ्यात आवडतं.

फुलपाखरू_२००

पोहणारी आहे, आता लहान मुलांना शिकवते. थकव्याबद्दल बोललात, मला सरावात अडचणी मुद्दाम घालण्याबद्दल सांगायचंय कारण हे पण हातचं राखण्याइतकंच महत्त्वाचं आहे असं मला वाटतं.

बॉब बोमननी मायकेल फेल्प्सला लहानपणापासून शिकवलं. एका कमी महत्त्वाच्या स्पर्धेआधी त्यांनी त्याच्या गॉगलवर मुद्दाम पाय ठेवून तडा पाडला, त्याला न सांगता. गॉगलमध्ये पाणी शिरलं तरी तो पोहून आला. २००८ ला बीजिंगमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या फायनलमध्ये त्याच्या गॉगलमध्ये खरंच पाणी भरलं, शेवटच्या भागात भिंत दिसत नव्हती, तर हात मोजत पोहला आणि १:५२.०३ चा विश्वविक्रम करून सुवर्ण घेतलं. त्याला एका लांबीला किती हात लागतात हे पाठ होतं कारण सरावात ते रोज मोजलं जायचं.

आमच्याकडे मोठ्या मुलांना मी हेच सांगते, लॅप किती झाले यापेक्षा प्रत्येक लॅपला हात किती लागले ते मला सांगा. १४ वरून १७ झाले म्हणजे पाण्यावरची पकड गेली, आता जे चाललंय तो चुकीच्या ढबीचा सराव आहे. तिथे थांबून ड्रिल करायचं किंवा बाहेर यायचं. चुकीची ढब पण पाठ होते ना, शरीर चांगलं-वाईट काही बघत नाही.

(मोसम सुरू व्हायच्या आधी एकदोनदा उशिरा वॉर्मअप देणं, लेन बदलणं, हीट पुढे-मागे करणं एवढं मी करते. दहा-बारा वर्षांच्या मुलांवर गॉगल तोडण्याचे प्रयोग कृपया कोणी करू नका.)

ब्लॉक_ते_साठ

हात मोजण्याचा मुद्दा फार आवडला. आमच्याकडे जमिनीवरच्या स्पर्शाचा आवाज. थकलेला स्प्रिंटर जड वाजतो, डोळे मिटून कळतं.

सांधे_आणि_स्नायू

फिजिओ आहे, खेळाडूंसोबतच काम. माझ्या टेबलावर येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची गोष्ट एकच असते. स्नायू आणि हृदय-फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात, दम वाढतो, खेळाडूला वाटतं आता अजून झेपेल. पण टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि हाडं महिन्यांच्या हिशोबानं बदलतात. या दोन वेगांमधल्या फटीत दुखापत होते, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जेव्हा सगळं छान चाललेलं असतं. विहीर उपसली की पाणी झिरपायला वेळ द्यावा लागतो तसं आहे ते, वर मोटर कितीही दमदार असली तरी.

दर आठवड्याला १० टक्केच वाढवा हा नियम सगळे सांगतात, पण नवख्या धावपटूंवर नीट चाचणी घेतली तेव्हा तो नियम पाळल्यानं दुखापती काही कमी झाल्या नाहीत. म्हणून टक्क्यांपेक्षा मी हे विचारते: दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पहिली पावलं टाकताना टाच किंवा पोटरी कशी वाटते? सरावात थोडं जाणवलं आणि २४ तासांत पूर्ववत झालं तर चालतं. दर सकाळी आदल्या सकाळपेक्षा जास्त असेल तर भार कमी करायचा. भार कमी म्हणजे पूर्ण बंद नव्हे हं, टेंडनला पूर्ण विश्रांती मानवत नाही, त्याला मोजकं वजन लागतंच.

आणि पळणाऱ्या, फुटबॉल-हॉकी खेळणाऱ्या सगळ्यांनी नॉर्डिक हॅमस्ट्रिंग करा. गुडघ्यावर बसायचं, कोणीतरी घोटे धरायचे, अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. नियमित करणाऱ्या संघांमध्ये हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यानं कमी झालेल्या आहेत. सुरुवातीला थोडेच करा, पहिल्या वेळी स्नायू भयंकर धरतात. सामन्याच्या आदल्या दिवशी तर नकोच.

झोप! मी कितीही मशीन लावलं तरी झोपेची बरोबरी होत नाही. मोठ्यांना ७ ते ९ तास, किशोरवयीन मुलांना ८ ते १०. पहाटे चारला उठवून सरावाला आणणाऱ्यांनी मुलं रात्री कितीला झोपतात हे पण विचारावं.

लांब_पल्ल्याची_ती

झोपेसोबत हेही लिहा कोणीतरी म्हणून मीच लिहिते. मुलींमध्ये पाळी थांबली की अजूनही काही कोच म्हणतात "सराव चांगला चाललाय". हे अत्यंत धोकादायक आहे. खर्चाच्या मानानं पोटात कमी गेलं की शरीर एकेक खातं बंद करत जातं, पाळी, हाडांची बांधणी, प्रतिकारशक्ती. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये याला रेड-एस असं नाव देऊन स्पष्ट सांगितलं की हे मुलांनाही होतं. सुरुवातीला वजन उतरतं, वेळ सुधारते, सगळे कौतुक करतात, आणि मग नडगीत किंवा पायाच्या पंजात स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भारानं हाडाला पडलेला बारीक तडा. तीन महिने पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा स्पोर्ट्स डॉक्टरकडे जाणं हा सरावाचाच भाग आहे. आणि पुरुष कोचनी हा विषय टाळू नये, खेळाडूला संकोच वाटत असेल तर एखादी विश्वासाची ताई, फिजिओ, कोणीतरी मध्ये ठेवावं. वजनकाटा सगळ्यांसमोर लावणं तर बंदच करा.

मध्यम_पल्ला

ताई, फार महत्त्वाचं लिहिलंत. शंभर टक्के सहमत.

मैदानाबाहेरची_आई

माझी मुलगी १२ वर्षांची, बॅडमिंटन खेळते. कोच म्हणतात आता बाकी सगळे खेळ बंद करा, रोज चार तास. तिला फुटबॉलही आवडतो. काय करावं?

सांधे_आणि_स्नायू

ताई, एक साधा मापदंड डॉक्टर मंडळी वापरतात: आठवड्यातल्या शिस्तबद्ध सरावाचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत. १२ वर्षांची असेल तर १२ तास. रोज चार म्हणजे दुपटीच्या वर गेलं. जिम्नॅस्टिक्ससारखे काही खेळ लवकर सुरू करावे लागतात हे खरं, पण बॅडमिंटनमध्ये फुटबॉलनं नुकसान काहीच नाही, उलट पायांची चपळाई, दिशा बदलणं, अंदाज घेणं, सगळं उपयोगी पडतं. रॉजर फेडरर लहानपणी फुटबॉल, बॅडमिंटन, बास्केटबॉल बरंच काही खेळला. एकाच बाजूचा खांदा आणि एकच गुडघा रोज चार तास वापरणारी वाढत्या वयाची मुलं मी बघते म्हणून सांगते, फुटबॉल चालू ठेवा.

पाच_जणांचा_संघ

बास्केटबॉल कोच. संघाच्या खेळात तुमच्यासारखं वर्षभराचं आखीव कॅलेंडर नसतं, दर आठवड्याला सामना, त्यात कोणी ४० मिनिटं खेळलेलं कोणी बाकावर बसलेलं, दोघांना दुसऱ्या दिवशी एकच सराव दिला तर एकाचं वाटोळं ठरलेलं. आम्ही एक स्वस्त उपाय करतो, सराव संपल्यावर अर्ध्या तासानं प्रत्येकाला विचारायचं ० ते १० मध्ये किती कठीण गेलं, त्याला मिनिटांनी गुणायचं. ९० मिनिटं आणि ६ म्हणजे ५४०. कार्ल फॉस्टर यांनी सोपी करून दिलेली पद्धत आहे. आकड्यापेक्षा मला फरक बघायला आवडतो, मी मनात ४ चा सराव ठरवला आणि पोरगं ८ सांगतंय तर काहीतरी बिनसलंय, परीक्षा असेल, घरी काही असेल, आजारी पडणार असेल. विचारलं की कळतं.

आणि जॉन वुडन यांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. १९६४ ते १९७५ या बारा मोसमांत यूसीएलए या अमेरिकन विद्यापीठाच्या संघाला दहा विजेतेपदं मिळवून देणारा कोच पहिल्या दिवशी खेळाडूंना मोजे घालायला शिकवायचा! सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. त्यांचे सराव मिनिटामिनिटाला कागदावर आखलेले असायचे आणि ठरल्या वेळी संपायचे, चांगलं चाललंय म्हणून लांबवायचे नाहीत. सरांच्या मूळ मुद्द्याशी हे थेट जुळतं म्हणून लिहिलं.

काठावरची

मोज्यांचं माहीत नव्हतं, मस्तच. एक विचारू का सर? माझी दहा किलोमीटरची स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीये, आठवड्याला पाच दिवस पळते, ५० किलोमीटरच्या आसपास, त्यात एक इंटरव्हल, एक टेम्पो (सलग बऱ्यापैकी जोरात) आणि रविवारी लांब. शेवटचे दिवस कसे ठेवू? दरवेळी टेपर (स्पर्धेआधी सराव कमी करणं) केला की पाय जड वाटतात आणि मग धीर सुटून मी आदल्या बुधवारी जोरात पळून बघते.

मध्यम_पल्ला

बुधवारचं ते "बघणं" यावेळी मनातून काढून टाका. पाय जड वाटणं टेपरमध्ये नेहमीचं आहे, बऱ्याच जणांना स्पर्धेच्या एखाद-दोन दिवस आधीपर्यंत तसंच वाटतं.

हा आठवडा जसा आहे तसा करा. पुढच्या आठवड्यात अंतर ३५ च्या आसपास आणा, शेवटच्या आठवड्यात स्पर्धा सोडून २० ते २५. एकूण ४० ते ६० टक्के कपात हे बहुतेकांना लागू पडतं. दिवस कमी करू नका, प्रत्येक दिवसाचं अंतर कमी करा, चार-पाच दिवस पळत राहिलात तर पायांची लय टिकते. वेग मात्र अजिबात कमी करायचा नाही, इथेच लोक गडबडतात, सगळंच हलकं करून टाकतात आणि मग स्पर्धेच्या दिवशी शरीर झोपलेलं असतं. पुढच्या आठवड्यात नेहमीच्या इंटरव्हलऐवजी स्पर्धेच्या वेगात ४ वेळा १ किलोमीटर, मध्ये दोन-अडीच मिनिटं. शेवटच्या आठवड्यात मंगळवारी त्याच वेगात ४ वेळा ४००, पूर्ण विश्रांती घेऊन. आदल्या दिवशी २० मिनिटं अगदी हलकं आणि शेवटी १५-२० सेकंदांच्या चार स्ट्राइड (मोकळ्या, वेगातल्या छोट्या धावा). जिम असेल तर जड वजनं शेवटचे दहा दिवस बंद. झोपेचं आदल्या रात्री टेन्शन घेऊ नका, त्याच्या आधीच्या चार-पाच रात्री चांगल्या झाल्या तर ती एक रात्र कमी पडली तरी चालतं.

काठावरची

आणि बुधवारी?

मध्यम_पल्ला

बुधवारी ३० मिनिटं, बोलता बोलता. कोणीतरी सोबतीला घ्या जी तुमच्यापेक्षा हळू पळते.